शाळेचे वर्ग: मधला बोळ की पुढचा व्हरांडा?

पर्यावरणाचा विचार करून शाळा बांधायची म्हटली की सौर पॅनेल आणि पावसाच्या पाण्याची चर्चा आधी होते. पण दिवसा वर्गात दिवे लावावे लागतील का, हे त्याआधीच आराखड्यात ठरून जातं: वर्ग दुतर्फा आणि मधे बोळ, की एका ओळीत वर्ग आणि पुढे उघडा व्हरांडा?

बोळ जागा वाचवतो, हे खरंच. वर्ग 7 मीटर खोल असले तर 3 मीटरचा बोळ दोन्ही ओळींना पुरतो. वर्गांच्या क्षेत्रफळाच्या साधारण 21 टक्के. 2.4 मीटरचा व्हरांडा एकाच ओळीच्या कामी येतो, त्यामुळे प्रमाण 34 टक्क्यांवर जातं. बाहेरच्या भिंतीही वाढतात.

उजेडाचा हिशेब मात्र उलटा आहे. एकाच बाजूला खिडक्या असतील तर चांगला उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दीड ते दुप्पट अंतरापर्यंतच पोहोचतो. कड 2.7 मीटरवर असेल तर फार तर 5.4 मीटर. बोळाकडची बाकांची रांग उरते ती दिव्यांच्या भरवशावर.

पण व्हरांड्याच्या बाजूने माझा निर्णय झाला तो बोळाकडच्या झडपांमुळे. आराखड्यात दारावर झडपा दाखवतात, आरपार हवेसाठी. बोळाला दोन भिंती आणि वर छत, त्यामुळे पावलांचा आणि बोलण्याचा आवाज तिथे घुमतो आणि झडपेतून थेट फळ्यापर्यंत येतो. शिक्षक झडप लावून घेतात; त्यांचं काही चुकत नाही. पण मग हवा थांबते. 180 घनमीटरच्या वर्गात 40 मुलं असतील आणि खिडक्याही बंद असतील, तर कार्बन डायऑक्साइड सुमारे पाव तासात 1000 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) ओलांडतो. पंखा तीच हवा फिरवत राहतो.

व्हरांड्यातही आवाज असतो, पण तो मोकळ्यावर विरतो. शिवाय व्हरांड्याचं छप्पर 2.4 मीटर उंचीवर ठेवून त्याच्या वर वर्गाचे झरोके काढले, की उजेड दुसऱ्या बाजूनेही येतो आणि गरम हवा माणसांच्या वरून निघून जाते. झरोके उघडायला दोरी किंवा दांडा खालून हाताशी हवा, नाहीतर ते कायमचे बंद राहतात. फरशीला बाहेरच्या बाजूला 1:100 उतार द्यावा आणि वर्गाची पातळी 2 सेंटिमीटर वर ठेवावी, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही.

झरोक्यांची ही सोय एकमजली इमारतीत किंवा सर्वांत वरच्या मजल्यावरच मिळते. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता परत मिळवणाऱ्या यांत्रिक वायुवीजनासह बोळच बहुधा योग्य. जमीन अगदी अपुरी असेल तरीही बोळ घ्यावा, पण मग झडपांऐवजी प्रत्येक वर्गाला छतावर जाणारी स्वतंत्र हवेची उभी नळी द्यावी आणि ती आतून आवाज शोषणाऱ्या अस्तराने मढवावी.