ठाण्यातला एक न्यूरो आयसीयू : चार तारे

घोडबंदर रोडवरच्या या खाजगी हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेवटी बिलिंगबद्दल बोलायचंय.

सासऱ्यांना मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, त्याच रात्री नळी घालून व्हेंटिलेटर. आधीच्या नर्सिंग होममध्ये आम्हाला एवढंच सांगितलं, 'जीसीएस सात आहे.' जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजायची पट्टी. नवऱ्याने हिशेब केला, पंधरापैकी सात, म्हणजे जवळजवळ निम्मे मार्क! पण या परीक्षेत शून्य कुणालाच मिळत नाही. सगळ्यात खालचा आकडाच तीन.

इथल्या इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टर) मॅडमनी कागदावर रकाने पाडले. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. ग्लासगोच्या डॉक्टरांनी ही पट्टी १९७४ मध्ये मांडली. नळी असली की बोलणं तपासताच येत नाही, तिथे 'टी' लिहितात. आणि बाबांची नळी काढली तरी वाचा गेलेलीच. तिथले मार्क भाषा गेल्यामुळे कापले जाणार, शुद्ध नाही म्हणून नव्हे. त्यामुळे मॅडम बेरीज न सांगता प्रत्येक आकडा वेगळा सांगायच्या. हालचाल चांगल्या बाजूची धरतात. मानेजवळ चिमटा काढला की बाबांचा डावा हात तिथवर यायचा, म्हणजे पाच.

शिवाय इथे फोर स्कोअर ही शुद्ध मोजायची दुसरी पट्टीही ठेवतात. तो मेयो क्लिनिकचा, २००५ मधला. त्यात बोलणं नाहीच. डोळे, हालचाल, डोळ्यांतल्या बाहुल्यांची वगैरे प्रतिक्रिया आणि श्वास, प्रत्येकी शून्य ते चार. मशीन देतं त्याहून जास्त श्वास पेशंट स्वतः घेतो का, हेही बघतात. सिस्टर केरळच्या, पण 'आजोबा, अंगठा दाखवा, मूठ करा' हे स्वच्छ मराठीत. मला याचं फार कौतुक वाटलं. जन्मभर मराठी बोललेल्या माणसाला इंग्रजीत हुकूम देऊन मार्क कसले कापता?

'वाचतील का?' या प्रश्नावर मॅडम म्हणाल्या, झोपेचं औषध चालू असताना काढलेल्या आकड्यावरून भाकीत करणार नाही. औषध कमी करू, पुन्हा पुन्हा तपासू, वय आणि स्कॅनही धरू, मग बोलू. नवऱ्याला ही टाळाटाळ वाटली. मला तरी नाही. बाबा आता घरी आहेत, बोलणं अजून मोजक्याच शब्दांचं.

एक तारा कापला तो टीपीए डेस्कसाठी, म्हणजे विम्याची मंजुरी बघणाऱ्या काउंटरसाठी. डिस्चार्जचा कागद सकाळी तयार, मंजुरी आली दिवेलागणीला, आणि तोवर खाली बसायला धड बाकडंही नाही. ब्रीफिंगला एकाच नातेवाइकाला आत सोडतात. घरातला वही-पेन घेऊन बसणारा माणूस पाठवा.