ओबीडी: फोनवरचं ॲप की हातातला स्कॅनर?

चेक इंजिनचा दिवा लागला की प्रश्न पडतो: ब्लूटूथ ॲडाप्टर घेऊन फोनवर ॲप टाकावं, की सुटा स्कॅनर घ्यावा? दोन्ही गाडीतल्या ओबीडीच्या (गाडीचे बिघाड ओळखून नोंदवणारी यंत्रणा) त्याच १६ पिनच्या सॉकेटमध्ये बसतात आणि पी०३०१ (पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट न जळणं) सारखे बिघाडाचे कोड सारखेच वाचतात.

खर्चात ॲडाप्टर सहसा स्वस्त. पण ॲपची पूर्ण आवृत्ती बरेचदा विकत घ्यावी लागते, तेही धरा.

खरा फरक गाडी चालवताना कळतो. ॲपमध्ये कूलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम (इंजिनचा संगणक इंधनात करत असलेली कमी-जास्त) यांचे आलेख साठवता येतात; घाट चढताना तापमान नेमकं कुठे वाढलं, हे नंतर निवांत बघता येतं. साध्या स्कॅनरच्या इवल्याशा पडद्यावर ही मजा नाही.

भरवशाला मात्र स्कॅनर. केबल लावली की चालू, पेअरिंगची कटकट नाही. गाडीशी संवाद साधणाऱ्या ईएलएम३२७ चिपची नक्कल वापरणाऱ्या स्वस्त ॲडाप्टरचं कनेक्शन मध्येच तुटू शकतं. आयफोनला तर सहसा ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवाला ॲडाप्टर लागतो. शिवाय ॲडाप्टर लावून गाडी बरेच दिवस उभी ठेवली, तर बॅटरी उतरू शकते. एबीएस, एअरबॅगचे कोड? स्वस्तातलं काहीही घ्या, बहुधा वाचणार नाही.

एकच गाडी आणि आकड्यांची हौस असेल तर ॲप. घरात तीन-चार गाड्या असतील आणि कोड बघून, लिहून घेऊन पुसण्यापुरतंच काम असेल, तर स्कॅनर.