८५ एफ/१.८, ५० एफ/१.८ आणि जुनी हेलिओस: माडापोफळींच्या पार्श्वभूमीवर काही महिने वापरल्यावर

पार्श्वभूमी किती धूसर होईल याचा हिशेब कागदावर मांडता येतो. ती कशी धूसर होईल हे कळायला लेन्स माडाखाली न्यावी लागते. लेन्सच्या परीक्षणांत बहुतेक वेळा शहरातले रात्रीचे दिवे दाखवतात. लांबचा ठिपका, त्याची मोठी गोल चकती, आणि मग वाहवा. आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात फोटोच्या मागे दिवे वर्षातून काही रात्रीच असतात. बाकी सगळा वेळ मागे असतात माडाची झावळं, पोफळीचे सरळ खांब, आंब्याफणसाची पानं आणि त्यांच्या फटींतून येणारं कडक ऊन. बारीक रेषा, टोकदार कडा, उजेड आणि सावली लगोलग. लेन्सची याहून कठीण परीक्षा मला माहीत नाही. पावसाळ्याच्या आधीपासून याच परीक्षेत या तीन लेन्स वापरते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅमेरा फुल फ्रेम मिररलेस आहे, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरचा आणि आत आरसा नसलेला. पहिल्या दोन लेन्स डीएसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या, काळातल्या, ॲडॅप्टरवर लावलेल्या. त्यांच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एफ/१.८ ची ५० आणि ८५ जवळजवळ प्रत्येक कंपनीची असते आणि खालचे बरेचसे गुणदोष त्या सगळ्या जातीचे आहेत. तिसरी हेलिओस ४४-२, ५८ एमएम एफ/२, सोव्हिएत काळातली, एम४२ आट्यांची, म्हणजे फिरवून बसवायची.

आधी आकड्यांचा भाग, कारण इथे गोंधळ फार आहे. एफ नंबर एकटा काही सांगत नाही. फोकल लेंथला (लेन्सच्या नावातला ८५ किंवा ५० हा मिलिमीटरचा आकडा) एफ नंबरने (इथे १.८) भागा, म्हणजे उजेड आत येतो त्या छिद्राचा व्यास मिळतो. ८५ भागिले १.८ म्हणजे ४७ मिलिमीटर, ५० भागिले १.८ म्हणजे २८, हेलिओसचे २९. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला, तर खूप लांबच्या दिव्याची चकती चेहऱ्याच्या जागी मोजल्यावर या व्यासाइतकीच भरते. म्हणजे ८५ ने काढलेल्या चेहऱ्याशेजारी मागचा दिवा पावणेपाच सेंटीमीटरचा दिसेल, ५० ने पावणेतीनचा. कॅमेऱ्यासोबत येणारी झूम ५५ एमएमला एफ/५.६ वर असेल, तर जेमतेम एक सेंटीमीटर. २०० एमएम एफ/४ चं छिद्र ५० मिलिमीटरचं, म्हणजे या बाबतीत ती ८५ एफ/१.८ च्या किंचित पुढेच. लग्नात लांब उभं राहून ७०-२०० ची झूम वापरणाऱ्यांची पार्श्वभूमी इतकी विरघळते ती यामुळे.

पार्श्वभूमी जवळ असेल तर चकती लहान होते, तीही हिशेबात. भाची माझ्यापासून दोन मीटरवर आणि मागची झाडं तिच्यामागे तीन मीटरवर असतील, तर ४७ ला ३/५ ने गुणायचं, साधारण २८ मिलिमीटर. तीच झाडं अठरा मीटर मागे असतील तर ४२. म्हणजे लेन्स न बदलता, फक्त माणसाला झाडांपासून पुढे आणून मी दीडपट धूसरता मिळवते. दुकानात पैसे मोजण्याआधी हे एकदा करून पाहावं, असं मी सगळ्यांना सांगते.

आता खरा विषय. चकतीच्या आत उजेड कसा पसरला आहे, यावर पार्श्वभूमी शांत वाटते की खवखवीत, हे ठरतं. लेन्सच्या कडेतून येणारे आणि मधून येणारे किरण अगदी एकाच ठिकाणी जमत नाहीत. याला स्फेरिकल ॲबरेशन म्हणतात आणि रचनाकार ते दुरुस्त करतात. दुरुस्ती जास्त झाली की फोकसमागच्या चकतीची कड उजळ होते आणि मधला भाग फिका पडतो. कमी झाली की उलट: मध्य उजळ, कड हळूहळू विरणारी. पहिल्या प्रकारात माडाच्या पात्यासारखी बारीक रेष धूसर झाली की तिच्या दोन रेषा होतात. दुसऱ्या प्रकारात ती विरघळते. गंमत अशी की फोकसच्या पुढच्या बाजूला सगळं उलटं होतं. जी लेन्स मागची झाडं खवखवीत करते, तीच पुढच्या वस्तू मऊ करते.

माझ्या ५० चं हेच आहे. एफ/१.८ वर कुळागरात, म्हणजे माडापोफळींच्या बागेत, काढलेल्या फोटोंमध्ये मागच्या पोफळींच्या प्रत्येक खोडाला दुहेरी कड आली. खोडं जितकी मधल्या अंतरावर, म्हणजे माणसामागे चारपाच मीटरवर, तितका त्रास जास्त. अगदी लांब असली तर चकत्या इतक्या मोठ्या होतात की एकमेकींत मिसळून जातात. अगदी जवळ असली तर झाडं झाडांसारखीच दिसतात, तेही चालतं. मधलं अंतर वाईट, आणि कुळागरात नेमकं तेच अंतर सगळीकडे असतं. एफ/२.८ ला कडा निवळतात, पण चकती लहान होते आणि आपल्याला हवी ती मोकळीक राहत नाही. एफ/४ ला छिद्राच्या सात पात्यांमुळे उजेडाचे ठिपके सप्तकोनी होऊ लागतात.

तरी या ५० ने मला एक फार चांगली गोष्ट दिली. देवळात दिवजांच्या रात्री सुवासिनी दिवजं, म्हणजे मातीचे दिवे, पेटवून रांगेने येतात. मी रांगेच्या पुढच्या टोकाशी खाली बसून तिसऱ्याचौथ्या बाईच्या चेहऱ्यावर फोकस केला. पुढच्या ज्योती फोकसच्या अलीकडे राहिल्या आणि मऊ, कडा नसलेल्या उजेडाचे गोळे झाल्या. अशा फोटोसाठी, जिथे धूसर भाग पुढे आहे, मी अजूनही पिशवीतून ५० काढते, ८५ नाही.

८५ ची चकती बरीच समतोल आहे. एफ/१.८ वर अगदी बारीक कड दिसते, एफ/२.२ पासून तीही जाते. झावळांच्या रेषा दुहेरी होत नाहीत, नुसत्या रुंद होऊन एकमेकींत मिसळतात. माझ्या मते गोव्यात चेहरे काढणाऱ्याने एकच लेन्स घ्यायची असेल तर ही घ्यावी. अडचण जागेची. जुन्या घरांतल्या लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, किंवा देवळाच्या चौकात गर्दी असताना अर्धी माणसं फ्रेमबाहेर जातात. फोकसही साधारण पाऊण-एक मीटरच्या आत येत नाही, त्यामुळे जायांची वेणी जवळून काढायची तर ५० च हवी.

कोपऱ्यांबद्दल वेगळं लिहायला हवं. एफ/१.८ वर फ्रेमच्या मधोमध चकती गोल असते, पण कोपऱ्याकडे ती चेपत जाते. तिरक्या येणाऱ्या किरणांना लेन्सची नळी अडवते, म्हणून. फोटोग्राफर याला मांजरीचा डोळा म्हणतात. देवळाच्या दीपमाळेवर सगळे दिवे पेटलेले असताना हे लगेच दिसतं: मधले दिवे गोल, कडेचे लांबट. मला ते खटकतं. एफ/२.५ वर बरंचसं गोल होतं, एफ/२.८ वर जवळजवळ पूर्ण. म्हणून जत्रेच्या रात्री मी ८५ कधीच पूर्ण उघडत नाही. एफ/२.८ वर छिद्र ३० मिलिमीटरचं राहतं, तरीही पूर्ण उघडलेल्या ५० पेक्षा थोडं मोठं.

हेलिओसमध्ये हाच दोष मुद्दाम वापरायचा. तिची रचना कार्ल झाइस येनाच्या महायुद्धाआधीच्या बायोटारवर बेतलेली. कडेच्या चकत्या इतक्या चेपतात आणि अशा वळतात की पार्श्वभूमी मध्याभोवती फिरते आहे असं वाटतं. हे आपोआप होत नाही. माणूस दीडदोन मीटरवर, पानं त्याच्यामागे पाचसात मीटरवर, पानांमधून आकाशाचे तुकडे, आणि चेहरा मधोमध, असं सगळं जमावं लागतं. आंब्याखाली सकाळी नऊच्या सुमाराला अप्रतिम येतं. पिवळ्यानिळ्या भिंतीसमोर, म्हणजे पणजीच्या फोंताइनशमध्ये, काहीच होत नाही, कारण सपाट रंगात फिरायला काही नसतं. छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर कोपरेच कापले जातात आणि भोवरा निम्मा होतो, हे घेण्याआधी लक्षात ठेवा. फोकस हाताने. सूर्य समोर असेल तर काळे रंग राखाडी होतात. धावत्या मुलांसाठी ही लेन्स नाही. पण निवांत बसलेल्या माणसाचं चित्र काढावं तर हिनेच. माझ्या आत्याचा मागच्या दारी नारळ किसतानाचा फोटो हिचा आहे, आणि घरात तोच फ्रेम करून लावला आहे.

रंगांच्या कडांबद्दल. पूर्ण उघड्या छिद्रावर ८५ मध्ये फोकसच्या मागच्या कडांना हिरवट आणि पुढच्या कडांना जांभळट झाक येते. वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर फोकस होतात, त्याचा हा परिणाम. पांढऱ्या वस्तूंवर तो ठळक दिसतो, आणि इथे पांढरं खूप: चर्चच्या भिंती, उन्हातलं पाणी, जायांची फुलं. केसांतल्या गजऱ्याची एक कड हिरवी आणि एक जांभळी दिसली की चेहरा कितीही सुंदर असो, नजर तिकडेच जाते. सॉफ्टवेअरने ती झाक कमी होते, पण पार्श्वभूमी मुळातच हिरवी असेल तर हिरवी झाक काढताना पानांचाही रंग उडतो. त्यापेक्षा एफ/२.५ बरा.

दुपारच्या उन्हाचं एक वेगळंच प्रकरण आहे, आणि त्यावर कुणी फारसं लिहिलेलं मी वाचलं नाही. मिरामारच्या वाळूवर भर उन्हात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१.८ ठेवलं, तर शटर साधारण १/८००० सेकंद लागतं. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत शटरचा सुरुवातीचा पडदा इलेक्ट्रॉनिक असतो आणि शेवटचा यांत्रिक. इतक्या वेगाला, इतक्या मोठ्या छिद्रावर, हे दोन पडदे सेन्सरपासून सारख्या अंतरावर नसल्यामुळे चकतीचा काही भाग कापला जातो. पाण्यावरच्या चमचमत्या ठिपक्यांच्या चकत्या एका बाजूने सपाट दिसतात आणि दोष लेन्सच्या माथी मारला जातो. मेनूमध्ये पूर्ण यांत्रिक शटर असेल तर ते निवडा. नसेल तर एनडी८ हा गडद काचेचा फिल्टर लावा. तो तीन स्टॉप उजेड अडवतो, म्हणजे उजेड तीनदा निम्मा करतो, शटर १/१००० वर येतं आणि चकत्या पुन्हा गोल होतात. ८५ चा खरा उपयोग मला या फिल्टरनंतर दिवसाउजेडी होऊ लागला.

मामेभाऊ विचारतो, “ताई, फोनवर पोर्ट्रेट मोडमध्ये हे सगळं होतं ना?” होतं, आणि दिवसेंदिवस बरं होतं आहे. आयफोन ७ प्लसमध्ये २०१६ साली पहिल्यांदा आलं तेव्हापेक्षा आता फार पुढे गेलं आहे. पण फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र तीन ते पाच मिलिमीटरचं. बाकीची धूसरता हिशेबाने रंगवलेली असते, आणि त्यासाठी माणूस कुठे संपतो हे फोनला ओळखावं लागतं. सुटलेले केस, वेणीतून बाहेर आलेली कळी, नथीच्या मोत्यांमधली फट, चष्म्याच्या काचेतून दिसणारं मागचं झाड, इथे तो अजून अडखळतो. त्याच्या चकत्या मात्र निर्दोष गोल असतात, हे मान्य करते.

निर्दोष चकतीची हौस लेन्स बनवणाऱ्यांनाही आहे. मिनोल्टाने १९९९ मध्ये १३५ एमएमची एसटीएफ लेन्स काढली, तिच्यात कडेकडे गडद होत जाणारी काच घातली, म्हणजे चकतीला कडच राहत नाही. फुजीफिल्मने २०१४ मध्ये ५६ एमएमच्या एपीडी लेन्समध्ये तेच केलं. किंमत उजेडात चुकवावी लागते: मिनोल्टाची लेन्स एफ/२.८ ची, पण उजेड एफ/४.५ इतकाच देते. देवळातल्या समयांच्या उजेडात मला ते परवडणार नाही.

शेवटी बुरशी. पावसाळ्यात आमच्याकडे चामड्याच्या चपलांवर बुरशी येते, तर लेन्सला का नाही? जून ते सप्टेंबर माझ्या लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात, ४५ टक्के आर्द्रतेवर असतात. नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, पण जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरायचं, महिनोन्महिने तसंच ठेवायचं नाही. आणि जुनी लेन्स विकत घेताना ही चकतीच कामाला येते. अंधाऱ्या खोलीत लांब एक छोटा एलईडी लावा, लेन्स पूर्ण उघडून मुद्दाम अगदी जवळ फोकस करा आणि फोटो मोठा करून पाहा. बुरशीचे धागे, काचेवरचे ओरखडे, आतली धूळ, सगळं त्या चकतीत छापल्यासारखं दिसतं. एकात एक वर्तुळं दिसली तर घाबरू नका, साच्यात घडवलेल्या ॲस्फेरिकल (गोलाच्या वक्रतेची नसलेल्या) काचेची ती खूण असते. मी हेलिओस दोनतीन ठिकाणी अशीच तपासली. पहिल्या विक्रेत्याने “काच स्वच्छ आहे” म्हटलं होतं आणि टॉर्चखाली ती तशी दिसतही होती. चकतीत मात्र कोपऱ्यातून पसरलेली जाळी स्पष्ट होती. ती परत केली. आता जी वापरते तिच्यात चारदोन धुळीचे कण आहेत, ते राहू दिले आहेत, कारण फोटोत त्यांचा काही उपद्रव नाही.