हवेचा की सॉलिड? फोर्कलिफ्टचे टायर बदलण्याआधी

पोळा झाला की जिनिंगवाल्यांच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो. फोर्कलिफ्टचे टायर गोटा झालेत, पुन्हा हवेचेच बसवायचे की या वेळी सॉलिड, म्हणजे आत हवा नसलेले भरीव रबराचे? आमचं काम परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये. तीन टनी डिझेल मशीन, कापसाच्या गाठी धरायला क्लॅम्प, अर्धं यार्ड काँक्रीटचं आणि उरलेलं दाबलेल्या मुरमाचं. याच मशीनवर दोन्ही प्रकार चालवून झालेत, त्यामुळे पुढचं सगळं त्या अनुभवातून आहे. तुमची जमीन वेगळी असेल तर त्या हिशेबाने वाचा.

प्रेस-ऑन कुशन टायर (चाकावर दाबून बसवलेलं रबराचं कडं) आणि पॉलियुरेथेनची चाकं मी यात धरत नाही. ती गुळगुळीत फरशीवर, आतल्या आत फिरणाऱ्या मशीनची. यार्डात उतरणाऱ्या मशीनला निवड या दोघांतूनच करायची. नाव कोणतं घ्यायचं हा प्रश्नही नंतरचा. उदाहरणार्थ वाळूजला कारखाना असलेली बीकेटी ही टायर कंपनी, ती दोन्ही प्रकार बनवते.

आधी हवेच्या टायरची बाजू, कारण तीही लंगडी नाही. फोर्कलिफ्टला पाटे नसतात. पुढचा अ‍ॅक्सल सरळ चेसिसला आवळलेला असतो, त्यामुळे खड्ड्याचा दणका पचवायला टायरशिवाय कुणी नाही. हवेच्या टायरवर ऑपरेटरची कंबर शाबूत राहते आणि मास्टचा, म्हणजे माल वर नेणाऱ्या उभ्या खांबांचा, खडखडाटही कमी असतो. आमचे ऑपरेटर मामा सॉलिडवर बसले तेव्हा पहिले काही दिवस संध्याकाळी पाठ धरूनच उतरायचे. सॉलिडमध्ये मधला थर मऊ रबराचा असतो, दणका थोडा तो खातो, पण हवेची सर त्याला नाही.

दुसरं म्हणजे काळी माती. तीन टनी मशीन स्वतःच चार टनांच्या वर भरतं, आणि पूर्ण माल उचलला की जवळजवळ सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येतो. हवेचा टायर दबून जमिनीवर जरा पसरतो, सॉलिड तेवढा पसरत नाही आणि लवकर रुततो. पाऊस पडून गेल्यावर चिखलात दोघंही अडकतात, पण सुकत आलेल्या मातीवर हवेचा टायर निघून येतो. ज्यांचं यार्ड अजून कच्चं आहे त्यांना मी सॉलिडचा आग्रह करणार नाही.

एवढं असूनही हवेच्या टायरवरून माझं मन उडालं ते पंक्चरमुळे. पंक्चर काढायला पैसे फार लागत नाहीत. खरा त्रास त्यामागून जे सुरू होतं त्याचा.

जिनिंगच्या यार्डात टोचणाऱ्या वस्तूंना तोटा नाही. गाठ फोडली की बांधायच्या तारेचे, पट्टीचे तुकडे पडतात. झाडलोट कितीही करा, रुईच्या लोळात गुरफटलेला तुकडा नजरेला पडत नाही. कंपाउंडच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली, आणि कापसाच्या गाड्या गावाकडून येताना काट्याकुट्या घेऊनच येतात. गंमत अशी की टोचतं ते बहुधा मागच्या चाकाला. पुढचं चाक आडवी पडलेली तार उभी करतं आणि मागचं तिच्यावर चढतं. मशीन रिकामं असतं तेव्हा काउंटरवेटमुळे (तोल साधायला मागे लावलेल्या वजनामुळे) जास्तीचा भार मागेच असतो, म्हणजे तार घुसायला जोरही मिळतो.

“भाऊ, मागचं चाक बसलं,” असं मामांनी सांगितलं की पुढचा निम्मा दिवस गेला असं समजायचं. मशीन बुटकं, त्याच्या खाली नेहमीचा ट्रकचा जॅक शिरत नाही. फळ्या घालून, ठोकळे लावून चाक उचलायचं. मग येते ती दोन तुकड्यांची रिम. तिच्यावर नटांची दोन वर्तुळं असतात. एका वर्तुळाचे नट चाक हबला धरून ठेवतात, दुसऱ्याचे नट रिमचे दोन अर्धे भाग एकमेकांना. आत हवा असताना चुकून दुसऱ्या वर्तुळाला पाना लावला तर रिमचा अर्धा भाग उडून समोरच्या माणसाचा जीव घेऊ शकतो. पंक्चर आहे असं वाटत असलं तरी आधी व्हॉल्व्हमधली पिन काढून उरलीसुरली हवा पूर्ण जाऊ द्यायची आणि मगच पाना लावायचा. हा नियम आमच्याकडे कुणालाही मोडू दिला नाही.

हे माहीत असल्यानेच रस्त्यावरचा पंक्चरवाला या चाकाला हात लावत नाही. “ट्रकचं आणा भाऊ, हे आपल्याकडं होत नाही,” म्हणतो, आणि त्याचं बरोबरच आहे. शिवाय या टायरला सव्वाशे पीएसआयच्या आसपास हवा लागते, मोटारीच्या तिप्पट-चौपट. लहान दुकानाचा काँप्रेसर तिथवर पोचता पोचता धापा टाकतो. तोवर इकडे गाठी भरायला ट्रक लागलेला, हमाल सावलीला बसलेले, आणि गाडी खोटी झाली म्हणून ड्रायव्हर जादा पैसे मागतोय. ऐन हंगामात हे वरचेवर होऊ लागलं तेव्हा हवेच्या टायरचा मऊपणा मला महाग वाटायला लागला.

एक गोष्ट पंक्चरपेक्षाही वाईट, ती म्हणजे हळूहळू उतरणारी हवा. चाक पूर्ण बसलं तर दिसतं तरी. थोडीशी उतरलेली हवा कळत नाही आणि मशीन तसंच चालत राहतं. पुढच्या दोन चाकांत साधारण मीटरभर अंतर धरा. एक टायर १ सेंटीमीटर खाली बसला तर चार मीटर उंचीवर नेलेला माल ४ सेंटीमीटर बाजूला कलतो. एक गाठ १७० किलोच्या घरातली, क्लॅम्पमध्ये अशा एकावर एक धरलेल्या. खाली माणसं वावरत असतात. रोज सकाळी गेज लावणारा माणूस तुमच्याकडे असेल तर ठीक. आमच्याकडे हंगामात ते जमत नव्हतं.

सॉलिड बसवल्यावर हा सगळा विषयच संपला. तारेचा तुकडा रुततो, मामा पकडीने उपटून फेकतात आणि मशीन पुढे जातं. जालन्याच्या स्टील यार्डांत, जिथे लोखंडाचा कीस आणि पट्ट्यांची टोकं पायापायाला असतात, तिथे तर मी दुसरा विचारही करणार नाही.

सॉलिडची दुखणीही सांगायला हवीत. टायर महाग, आम्ही घेतले तेव्हा हवेच्या टायरच्या जवळपास दुप्पट पडले. पण ट्यूब, फ्लॅप, पंक्चर आणि खोटी झालेल्या गाड्या धरल्या तर माझ्या अंदाजाने एकाच हंगामात हिशेब बरोबरीला आला. सॉलिड रिमवर चढवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो, घण आणि टामी घेऊन हे काम होत नाही. म्हणजे चाकं काढून टेम्पोत घालून मोठ्या गावी पाठवायची. लांब पल्ल्यालाही तो चांगला नाही. भरलेलं मशीन दूरवर सारखं पळवलं तर रबर आतून तापतं, ती उष्णता बाहेर पडत नाही, आणि मग लचके निघायला लागतात. गोदाम एका टोकाला, वजनकाटा दुसऱ्या टोकाला आणि दिवसभर फेऱ्या, असं असेल तर विक्रेत्याला तसं स्पष्ट सांगा.

धान्याच्या, डाळीच्या गोदामात फरशीवर काळे पट्टे नको म्हणून राखाडी किंवा पांढरा सॉलिड घेतात. त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे रबराला बळ देणारी काजळी, नसतं, त्यामुळे तो लवकर झिजतो. गरज नसेल तर काळाच बरा. हवेच्या टायरमध्ये फोम भरून घ्यायचाही पर्याय सांगतात. पंक्चर टळतं हे खरं, पण टायर झिजला की आतला मालही त्याच्याबरोबर गेला, आणि रिम मोकळी करायला घाम निघतो. मी त्या वाटेला गेलो नाही.

सॉलिड कधी बदलायचा हे ओळखायला सोपं. त्याच्या कडेला ‘६० जे’ अशी खूण असते, झीज तिथवर आली की टायर संपला, वर कितीही रबर दिसू द्या. आणखी एक काम नवा टायर बसवल्या दिवशीच करा. टायर आणि रिम दोन्हींवरून जाणारी खडूची किंवा रंगाची एक सरळ रेघ ओढा. काही दिवसांनी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर टायर रिमवर फिरतोय, तो काढायलाच हवा. आणि एका अ‍ॅक्सलचे दोन्ही टायर एकदम बदला. एक नवा, एक झिजलेला ठेवला तर वर सांगितलेला कल तुम्ही स्वतःच विकत घेतला.

चारही एकदम परवडत नसतील तर काय? बरेच जण पुढचे दोन आधी सॉलिड करतात, कारण झिजतात ते. मला विचाराल तर पंक्चरचा त्रास असलेल्या यार्डात मागची जोडी आधी करा. ती लहान, स्वस्त, आणि टोचतं तिथेच. मशीनच्या मॅन्युअलमध्ये त्याला हरकत नाही ना, एवढं पाहून घ्या, आणि उंची जुन्या टायरइतकीच ठेवा.

पाठवायचीच असतील तर चाकं भाद्रपदातच पाठवा, हंगामाच्या तोंडावर टायर चढवणाऱ्या प्रेसवाल्याकडे रांग लागते. रिम दोन तुकड्यांची आहे की लॉक-रिंगची (टायर कड्याने अडवणारी), ते आधी फोनवर सांगा, रिमला बसेल असाच सॉलिड लागतो. आणि टायर चढवण्याआधी रिम घासून नटांच्या भोकांभोवती तडा आहे का ते समोर उभं राहून बघा, कारण एकदा सॉलिड चढला की ती जागा पुढची दोन-तीन वर्षं कुणी उघडून बघत नाही.