आठ महिन्यांनंतर : चांगला सीबी रेडिओ आणि त्याच्या माइकचे बटण

गेल्या नोव्हेंबरात येथे, लेस्टरमध्ये, 140 पौंडांना घेतलेल्या सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांनी आपसांत बोलण्यासाठीचा रेडिओ) संचाविषयी लिहायला बसलो ते केवळ त्याच्या माइकच्या बटणामुळे. चार वॉट, एएम व एफएम, युरोपीय 40 आणि ब्रिटिश 40 चॅनल हा तपशील खोक्यावर छापलेलाच असतो, तो पुन्हा देत नाही. मात्र बोलताना दाबायचे बटण सहाव्या महिन्यात दाबलेलेच राहू लागले, आणि ज्यांनी सीबी वापरला आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको: संच प्रक्षेपण करीत राहतो, आपल्याला काही ऐकू येत नाही आणि आसपासच्या सगळ्यांचा चॅनल अडून बसतो.

माझ्या पहिल्या संचाचे बटण कधीही अडकले नाही. ब्रिटनमध्ये सीबी 2 नोव्हेंबर 1981 रोजी कायदेशीर झाला, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्याआधी चोरून आलेले अमेरिकी एएम संच वापरणारी मुले आमच्या वर्गात होती. पण माझे वडील कोल्हापूरहून आलेले, पोस्टमन दारात दिसला तरी कोटाची बटणे लावणारे. त्यांनी पोस्टात जाऊन 10 पौंडांचा परवाना काढला आणि मगच संच खोक्यातून बाहेर आला. चुंबकी तळाच्या एरियलला खाली धातूचा पत्रा लागतो. आमच्याकडे मोटार नव्हती, म्हणून मी ती आईच्या चकल्यांच्या डब्यावर बसवून माडीच्या खिडकीत ठेवली. दिवाळी नुकतीच झाली होती, डबा अर्धा भरलेला होता, आणि कोणाला चकली हवी झाली की झाकणासकट एरियल उचलली जाई आणि समोरच्याचा आवाज खरखरीत बुडे.

एरियल सात मीटरांपेक्षा उंच असल्यास शक्ती 10 डेसिबलने, म्हणजे दहापटीने, कमी करावी, अशी तेव्हा परवान्याची अट होती आणि त्यासाठी संचावर वेगळा खटका असे. वडिलांनी आईच्या शिवणाच्या टेपने खिडकीची उंची मोजली. ती सात मीटरांच्या आत भरली, तरीही ‘उगाच कशाला’ म्हणून ते खटका दाबून ठेवीत. ते रात्रपाळीला गेले की मी तो सोडवीत असे, आणि 0.4 वॉटचे 4 वॉट होताच पलीकडच्या गल्लीऐवजी शहराच्या दुसऱ्या टोकाचे ब्रेकर, म्हणजे सीबीवर बोलणारे, उत्तर देऊ लागत. चॅनल 14 वर हाक द्यायची, कोणी मिळाले की रिकाम्या चॅनलवर जायचे, हा रिवाज होता. माझे हँडल, म्हणजे सीबीवरचे टोपणनाव, होते ‘मंगूस’, आणि तो शब्द इंग्रजीने आपल्या मुंगसावरूनच उचलला आहे, हे मी वर्गात कोणालाही पटवू शकलो नाही. त्या वर्षी जुलैत लेस्टरमध्येही दंगल झाली होती. रस्त्याने जाताना मला जे ऐकून घ्यावे लागे ते चॅनलवर ऐकावे लागत नसे, निदान ‘आयबॉल’, म्हणजे प्रत्यक्ष भेट, होईपर्यंत तरी.

नव्या संचाकडे वळतो. आवाज स्वच्छ आहे, स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) नेमका बसतो, परवाना तर 2006 पासून लागतच नाही. पहिले दोन महिने चॅनल इतके ओस होते की पैसे पाण्यात गेले असे मी घरात दोनदा बोलून दाखवले. ते मत आता मागे घेतो. जूनमधल्या एका दुपारी युरोपीय चॅनलांवर एकाएकी इटालियन माणसांची गर्दी उसळली (उन्हाळ्यात आयनांबरातील, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातील, ई थर मधूनच असा दाट होतो आणि लहरी परतवतो), आणि मी जेवण विसरून तासभर नुसता ऐकत बसलो.

पण बटण. संचाला दोन वर्षांची हमी आहे. माइक मात्र ‘सुटा भाग’ असल्यामुळे त्याला तीनच महिने, असे विक्रेत्याने कळवले. नव्या माइकसाठी 34 पौंड! जुन्या संचाचा माइकही चार पिनांचाच, पण त्याची जोडणी वेगळी निघाली. मी सेवाकेंद्राला फोन करून चढ्या आवाजात बराच वेळ भांडलो. बटण तेव्हा अडकलेलेच होते. ते सगळे भांडण, आणि मध्ये बायकोला उद्देशून मराठीत काढलेले उद्गार, चॅनल 19 वर ऐकू गेले, हे मला संध्याकाळी कळले. ऐकणाऱ्यांपैकी एका निवृत्त लॉरीचालकाने मला शोधून काढले. दुसऱ्या दिवशी त्याने माइक उघडून आतली थकलेली स्प्रिंग काढली आणि त्या जागी बॉलपेनची अर्धी कापलेली स्प्रिंग बसवली. त्यानेच दाखवले की ठरावीक वेळानंतर प्रक्षेपण आपोआप तोडण्याची सोय मेनूत आहे, फक्त ती कारखान्यातून बंद करून पाठवतात. का बंद, हे माहितीपुस्तिकेत कोठेही लिहिलेले नाही.

भाच्याने हा संच पुण्याला नेऊ का असे विचारले, म्हणून एवढेच: भारतात 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा 5 वॉटपर्यंत परवानामुक्त आहे. युरोपीय मांडणीतील पहिले 27 चॅनल त्यात बसतात, ब्रिटिश 40 पैकी एकही बसत नाही.

स्प्रिंगला आता दोन महिने झाले. 34 पौंडांचे दरपत्रक इनबॉक्समध्ये पडून आहे आणि त्याला उत्तर देण्याचा माझा विचार नाही.