अनेक देशांची क्रूझ की मुंबई-गोवा?

मावशीला निवृत्तीनंतर क्रूझ करायचीच आहे, पण २०२० आठवलं की तिचा पाय अडतो. कंपन्यांच्या जाहिराती बाजूला ठेवून मी दोन्ही पर्याय तिच्यासमोर मांडले.

बंदर ऐनवेळी बंद झालं तर? खरा फरक इथेच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने 'वेस्टरडॅम' या क्रूझ जहाजाला जपान, तैवान, फिलिपिन्स, ग्वाम आणि थायलंडने नाकारलं. शेवटी कंबोडियाच्या सिहानुकव्हिलने धक्क्याला लागू दिलं. जहाजावर दोन हजारांवर माणसं, आणि उतरायला जागा नाही! आजही अंगावर काटा येतो. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर कोरोनाबाधित सापडले, तेव्हा प्रवाशांचे हाल झालेच. पण जहाज परत यायला मुंबई होती.

खर्चाचं म्हणाल तर परदेशी सफरीत व्हिसा, विमानभाडं, विमा, सगळंच वाढतं. पाहायला मात्र तिथेच जास्त मिळतं.

तारखा पुढेमागे करता येतात, हाताशी जादा पैसे आहेत आणि तब्येत ठणठणीत आहे, त्यांनी खुशाल अनेक देशांची घ्यावी. मावशीबरोबर जाणाऱ्या काकांचं इन्सुलिन मोजून न्यावं लागतं, सफर लांबली तर पंचाईत. मावशीने मुंबई-गोवाच करावी.