ओपन गार्डन्स डे: बागा मस्त, चित्रं ठीक, केक साडेतीनला खलास

जूनमध्ये आई आलेली तेव्हा एका रविवारी तिला घेऊन ऑक्सफर्डशायरमधल्या एका छोट्या गावात ओपन गार्डन्सला जाऊन आलो. तिकीट माणशी ८ पाउंड, मुलं फुकट, १४ बागा आणि शिवाय गावातल्याच कलाकारांची चित्रं, मातीकाम वगैरे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे उन्हाळ्यात एक दिवस गावातले लोक आपापल्या घरामागच्या बागा सगळ्यांना उघड्या ठेवतात, तिकिटाबरोबर हाताने काढलेला नकाशा देतात आणि आपण आपलं या परसातून त्या परसात फिरायचं. नॅशनल गार्डन स्कीमच्या पिवळ्या पाट्या रस्त्यात दिसतात ते मोठं प्रकरण, १९२७ साली घरोघर जाणाऱ्या नर्सेससाठी पैसे जमवायला सुरू झालं, पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या होत्या, माणशी एक शिलिंग. आम्ही गेलो ते त्यातलं नव्हतं, गावाने स्वतःच चर्चच्या छपरासाठी काढलेलं, म्हणजे आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती फाडतात तेच.

सगळे आधी मोठ्या वाड्याच्या बागेत घुसतात, आम्हीपण घुसलो. लॉन असं की पाय ठेवायला भीती वाटावी, डेल्फिनियम काठ्यांना बांधून शाळेच्या प्रार्थनेसारखी रांगेत उभी, आणि मधे मधे गंजक्या लोखंडाचे बगळे, प्रत्येकाच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी. नवरा म्हणाला लग्नातल्या आहेरासारखं दिसतंय. दहा मिनिटांत बाहेर.

खरी मजा मागच्या गल्लीतल्या चिकटून असलेल्या छोट्या घरांत. एरवी या घरांसमोरून शंभरदा गेलात तरी पडद्याच्या आत काय आहे कळत नाही, शेजारी हॅलोच्या पुढे जात नाहीत, आणि त्या दिवशी तेच लोक तुम्हाला बाजूच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून थेट मागे नेतात आणि कंपोस्टचा ढीगसुद्धा कौतुकाने दाखवतात. एका आजोबांच्या जेमतेम दहा पावलांच्या तुकड्यात बटाटे, ब्रॉड बीन्स, रुबार्ब, काठ्यांवर चढायला लागलेल्या रनर बीन्स, आणि जमिनीत पुरलेल्या वाट्यांमध्ये बिअर. गोगलगायी वासाने येतात आणि बुडून मरतात म्हणे. आई म्हणाली, "निदान पिऊन तरी मरतात."

तिथेच कुंपणाला फॉक्सग्लोव्ह होते. मी फोटो काढत होते तर आई वाकून बघत म्हणाली, "अगं, हे तर तिळासारखं! तिळाला अश्शीच फुलं येतात." इतकी वर्षं इथे राहून मला हे कधी दिसलं नव्हतं. आजोबांना सांगितलं तर ते खूश, पण लगेच म्हणाले हात लावलात तर धुवा, विषारी आहे. बाबांना हार्टसाठी डिगॉक्सिन चालू होतं ते याच्याच भावकीतल्या झाडापासून काढतात हे आईला सांगितलं, मग ती जरा वेळ गप्प उभी राहिली.

आणि मग व्हायचं तेच झालं, आईने फांदी मागितली. मला मेल्याहून मेल्यासारखं. पण आजोबांनी जिरॅनियमची फांदी मोडून ओल्या टिश्यूत गुंडाळून दिली आणि कुठल्या पेरावर कापायची यावर दोघांची खाणाखुणांनी चर्चा झाली. ती फांदी भारतात नेता येत नाही यावरून गाडीत भांडण झालं ते वेगळं.

आता आर्ट. चर्चमध्ये चित्रं लावली होती पण उजेड असा की जलरंगातलं काही धड दिसेना, आणि पाच जणांनी त्याच चर्चचा तोच मनोरा काढलेला, बाहेर जाऊन खरा बघितला असता तर चाललं असतं. एक मात्र चुकवू नका: एका बाई आपल्या गॅरेजमध्ये मातीची भांडी मांडून बसल्या होत्या. बागेतल्या सफरचंदाच्या छाटलेल्या फांद्या जाळायच्या, राख चाळून धुवायची आणि त्याचीच झिलई भांड्यांना द्यायची. भट्टीत राखेची काच होते आणि ओघळत ओघळत हिरवट तपकिरी रंग येतो, मागे ते झाड उभंच. एक वाडगा २२ पाउंडांना घेतला, महाग आहे, पण सध्या त्यात लसणाची चटणी असते आणि शोभते.

तक्रारी आहेत. कार्ड मशीनला रेंज नाही त्यामुळे रोख न्या. नकाशावरची ११ नंबरची बाग आम्हाला शेवटपर्यंत सापडली नाही आणि आमच्यासारखी अजून दोन कुटुंबं हातात तोच कागद घेऊन फिरत होती. खडीचे रस्ते आणि पायऱ्या फार, आईचे गुडघे बोलायला लागले, बसायला बाक फक्त चर्चच्या आवारात थडग्यांशेजारी, तिथे बसायला ती तयार होईना. टॉयलेट एकच, व्हिलेज हॉलमध्ये, रांग चहाच्या रांगेत मिसळलेली. आम्ही ३.३०ला चहाला पोचलो तर लेमन केक संपलेला, स्कोन एकच उरलेला, तो तिघांत. साडेअकराला जा, आधी केक खा, मग बागा.

पाचपैकी चार.